एकेचाळीस नंबरची कथा

‘साहेबांच्या कानामागचे रुपेरी केस पाहून मीनलच्या काळजाचा ठोका चुकला,’ मी मोठ्यानं वाचलं आणि कागद टेबलावर टाकला. ‘चुकणारच. पोरगी तेवीसची, साहेब सेहेचाळीसचे. यंदाची ही एकोणिसावी कथा, आणि एकोणीसही साहेबांचे केस रुपेरीच. एकाचंही टक्कल नाही.’

सगळे हसले. सगळे म्हणजे तिघं. सांगलीतलं आमच्या मासिकाचं कार्यालय एवढंच होतं. मालक अण्णा शेडबाळे, उपसंपादक अभिनंदन मगदूम आणि वर्गणीदार नि टपाल सांभाळणाऱ्या प्रमिलाबाई कोष्टी. प्रमिलाबाई हसल्या की नाही ते मी पाहिलं नव्हतं, तेव्हा दोघंच धरा. मी शैला आरवाडे, संपादक. वय सेहेचाळीस, म्हणजे त्या साहेबांइतकंच, पण माझ्याकडे बघून कुणाचा ठोका चुकल्याचं माझ्या तरी ऐकिवात नव्हतं.

ही दोन हजार अकरा सालची गोष्ट. आमच्या दिवाळी अंकाची कथास्पर्धा असायची, आणि त्या वर्षी निम्म्या कथा ऑफिसात प्रेमात पडलेल्या. एक जण पिकलेला, एक कोवळा. मी थट्टा करायची आणि अण्णा मला आठवण करून द्यायचे की गेल्या दिवाळीत असल्याच एका कथेला सर्वांत जास्त पत्रं आली होती. बायकांची तर आलीच, एका निवृत्त मामलेदाराचंही आलं होतं.

‘शैलाताई, लोकांना आवडतं ते का आवडतं, तेवढं सांगा की मला,’ अण्णा म्हणाले.

मी काय, बोलायची संधी सोडणारी नव्हेच. खुर्चीत रेलून मी दहा मिनिटं सिद्धान्त मांडला. म्हटलं, वाचकाला प्रेमाचं काही पडलेलं नसतं, त्याला साहेब हवा असतो. केबिन हवी, घंटी हवी. कारकून कारकुनाच्या प्रेमात पडला तर कोण वाचतंय. दोघांतला एक जण अधिकारी पाहिजे आणि वयानं मोठा पाहिजे, म्हणजे लहानाला वाटतं, एवढ्या मोठ्या माणसानं मला निवडलं. सगळा मामला खुर्चीचा, असं मी ठणकावून सांगितलं. अभिनंदन मान खाली घालून ऐकत होता. प्रमिलाबाई पलीकडे पट्ट्या चिकटवत होत्या.

त्या पट्ट्यांचं सांगायला हवं. अण्णांच्या वडिलांनी घालून दिलेली पद्धत होती की दिवाळी अंकाला आलेल्या कथेवरचं लेखकाचं नाव संपादकानं बघायचं नाही. टपाल प्रमिलाबाई फोडायच्या, नाव-पत्त्यावर डिंकानं कागदाची पट्टी चिकटवायच्या आणि वर नंबर घालायच्या. अंक पुरा लागला की पट्ट्या भिजवून सोडवायच्या आणि मगच नावं छापायला जायची. मधल्या काळात कथेत काही बदल सुचवायचा तर नंबर घालून चिठ्ठी प्रमिलाबाईंकडे द्यायची, त्या लेखकाला कळवणार. बावीस वर्षांत मी ही पद्धत एकदाही मोडली नव्हती. ह्याचा मला भारी अभिमान होता.

ऑगस्टच्या शेवटी एके दुपारी एकेचाळीस नंबरची कथा हातात आली. कॉम्प्युटरवर टाइप केलेली, अकरा पानं. पुन्हा तेच, विमा कार्यालयातली अधिकारी बाई आणि तिच्या हाताखालचा मुलगा. पण इथं पिकलेली होती ती आणि कोवळा होता तो, म्हणून मी चष्मा पुसून पुढं वाचलं. बाई पंचेचाळिशीची, बिनलग्नाची, एकटी राहणारी. मुलगा डावखुरा. चहा बशीत ओतून प्यायचा. त्याची जुनी स्कूटर सहाव्या किकला सुरू व्हायची.

सांगलीत डावखुरे पुष्कळ असतील. बशीत चहा पिणारे तर निम्मं गाव. पण डावखुरा, बशीत चहा पिणारा आणि सहाव्या किकला स्कूटर सुरू करणारा एकच होता, आणि तो माझ्या केबिनच्या काचेपलीकडे समोर बसून त्याच क्षणी बशीत चहा ओतत होता.

मी कथा पालथी घातली. पंखा मोठा केला. पुन्हा सुलटी केली.

अभिनंदन एकोणतीस वर्षांचा. तीन वर्षांपूर्वी कवलापूरहून आलेला, कामाला चोख, बोलायला मऊ. त्यानं लग्नाचं नाव काढलं नव्हतं आणि घरचे विषय काढत तेव्हा हा सुट्टी असूनही ऑफिसला येऊन बसायचा. का बसतो ह्याचा मी कधी विचार केला नव्हता. आता केला, आणि सगळं कसं लख्ख दिसायला लागलं.

काही गोष्टी जुळत नव्हत्या, नाही असं नाही. कथेतली बाई अबोल होती. मी झोपेतही बोलते असं माझी आई सांगायची. पण मी मनाशी म्हटलं, बडबड हे वरवरचं, आतून मी अबोलच आहे, आणि पोरानं ते बरोबर ओळखलंय. कथेतल्या बाईची बोटं लांबसडक होती. माझी बोटं म्हणजे वेलची केळी. म्हटलं, लेखकाला एवढी सूट द्यायला हवी. दुसऱ्या कुणाच्या कथेत असं काही निघालं असतं तर मी लाल पेन्सिलीनं कागद रंगवला असता.

कथेच्या शेवटी तो तिला विचारतो. म्हणतो, ‘तुमच्या टेबलापाशी आलं की मला कसली घाई राहत नाही.’ ती म्हणते, ‘लोक हसतील. मला ते सोसणार नाही. तुम्ही जा.’ तो जातो. ती घरी येऊन रेडिओ लावते, आणि कथा संपते.

ते घाईचं वाक्य मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. माझं लग्न मोडलं वगैरे नव्हतं, ते नुसतं राहून गेलं होतं. आधी बहिणींची व्हायची होती, मग वडील आजारी, मग मीच साडीला इस्त्री करून कुणापुढं बसायला नकार द्यायला लागले. घोडनवरी म्हणून नातेवाईक हसले, त्यांच्याआधी मी स्वतःला हसून घ्यायची. आणि त्या दुपारी, एकोणीस कथांची टर उडवलेली मी, विसाव्या कथेपुढं अक्कल गहाण टाकून बसले. लोक ह्या कथांवर का भुलतात ते मला तेव्हा कळलं. खुर्चीबिर्ची सगळं झूट होतं. दहा ते सहा आपण जिथं बसून म्हातारे होतो, तिथं आपल्याला कुणीतरी रोज बघतंय आणि आपल्याला पत्ताच नाही, एवढीच ती गोष्ट असते. ती आपल्या बाबतीत खरी असावी असं मला फार, फार वाटलं.

दुसऱ्याच दिवशी अभिनंदन केबिनमध्ये आला आणि म्हणाला की पुण्याला एका प्रकाशनात नोकरी मिळतेय, दिवाळी अंक झाला की जाईन म्हणतो.

‘इथं काय कमी आहे तुला?’ मी विचारलं.

‘कमी नाही, मॅडम. पण थांबण्यासारखं काही राहिलं नाही.’ एवढं बोलून तो काचेबाहेर बघत राहिला.

ह्याचा अर्थ लावायला संपादक असायची गरज नव्हती. त्यानं स्वतःच नकार लिहून ठेवला होता, मी द्यायच्या आधी. माझ्याकडे फक्त तीन आठवडे होते. आणि मी काही केलं नाही तर तो जाणार, आणि मी घरी जाऊन रेडिओ लावणार, हे अगदी छापल्यासारखं दिसत होतं.

ते तीन आठवडे आठवले की अजून तोंड लपवावंसं वाटतं. मी गणपती पेठेतून मोतिया रंगाची साडी आणली. ऑफिसात कमी बोलायला लागले, तर अण्णांनी दोनच दिवसांत खोकल्याचं औषध आणून दिलं. अभिनंदनसमोर बशीत चहा ओतून पाहिला आणि तो साडीवर सांडला. प्रमिलाबाईंनी धावत ओला रुमाल आणून दिला. मी त्यांना धन्यवादसुद्धा म्हटलं नाही, कारण मी अबोल होते.

तोंडानं बोलायचं धाडस नव्हतं. मग मला वाटलं, तो कथेतून बोललाय तर आपणही कथेतूनच बोलावं. अंकाचं पहिलं प्रूफ मी वाचायची आणि शेवटचं तो. छपाईला जायच्या आधी प्रत्येक ओळ त्याच्या डोळ्यांखालून जायची. मी एकेचाळीस नंबरची कथा पहिल्या क्रमांकावर घेतली, शेवटचं पान बाजूला काढलं आणि माझ्या हातानं नवं लिहिलं. चिठ्ठी नाही, नंबर नाही, लेखकाला विचारणं नाही. बावीस वर्षांची पद्धत मी एका दुपारी मोडीत काढली. माझ्या पानावर तो विचारतो तेव्हा ती अधिकारी बाई म्हणते, ‘हसू देत. किती दिवस हसतील? तुम्ही थांबा.’

हस्तलिखित थेट छापखान्यात पाठवलं. आठ दिवसांनी शेवटचं प्रूफ अभिनंदनच्या टेबलावर आलं. शुक्रवार होता. त्या संध्याकाळी तो प्रूफं घरी घेऊन गेला, आणि शनिवारी मी मोतिया साडी नेसून अर्धा तास आधीच येऊन बसले.

तो साडेदहाला आला. सरळ माझ्या केबिनमध्ये. डोळे तांबारलेले, रात्रभर झोप नसल्यासारखे, आणि हातात ती शेवटची पानं.

‘मॅडम, एकेचाळीस नंबर वाचली.’

‘मग?’ मी म्हटलं. एकच शब्द. कथेतल्या बाईलाही ह्याहून कमी जमलं नसतं.

‘शेवट वाचून विश्वासच बसेना. मला वाटलं होतं, नाहीच म्हणणार.’

मी भाषण पाठ केलं होतं. त्यात समाज होता, माणसाची उमेद होती, शेवटी एक हळवी ओळही होती. त्यातलं एकही वाक्य आठवेना. मी म्हटलं, ‘अभिनंदन, वयाचा विचार केलास का नीट?’

‘केला, मॅडम. पंधरा वर्षांचं अंतर आहे. मला त्याचं काही वाटत नाही.’

सेहेचाळिसातून एकोणतीस गेले की सतरा उरतात. पोरानं मला दोन वर्षं सूट दिली होती. आयुष्यभर लोकांच्या चुका दुरुस्त करणारी मी, ती एवढी एक चूक तशीच राहू दिली.

‘घरचे?’

‘आई चिडेल. येईल हळूहळू ताळ्यावर.’ मग त्यानं खाली बघत विचारलं, ‘तुम्हाला काय वाटतं? लोक हसतील?’

‘हसू देत,’ मी म्हटलं. ‘किती दिवस हसतील?’

त्याचा चेहरा असा काही उजळला की मी टेबलाची कड धरली. तो म्हणाला, ‘तुमच्या तोंडून ऐकलं, बरं वाटलं. मग मी आत्ताच विचारतो.’

‘विचार की,’ मी म्हटलं आणि पदर सारखा केला.

आणि तो वळून केबिनबाहेर गेला.

आधी मला वाटलं, पाणी प्यायला गेला असेल. पण तो काचेपलीकडे प्रमिलाबाईंच्या टेबलापाशी गेला आणि ती पानं त्यांच्यापुढं ठेवली. शेवटच्या परिच्छेदावर बोट ठेवलं. डाव्या हाताचं. प्रमिलाबाईंच्या हातात डिंकाचा ब्रश होता. त्यांनी उभ्यानंच वाचलं. वाचता वाचता त्यांनी ब्रश खाली ठेवला, खुर्ची चाचपली आणि बसल्या. त्यांची बोटं लांबसडक होती. पाच पावलांवर बसलेल्या बाईची बोटं मी चौदा वर्षांत पहिल्यांदा पाहिली.

मग त्यांनी मान वर करून काचेतून माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईनं एक कागद उचलून वाचायला लागले. ते विजेचं बिल होतं.

दोघांचं हलक्या आवाजात काही बोलणं झालं, आणि अभिनंदन गच्चीवर गेला तशा त्या आत आल्या. दार लावून घेतलं. चौदा वर्षांत त्या कधी माझ्यासमोर बसल्या नव्हत्या, आजही उभ्याच राहिल्या.

‘मॅडम, एकेचाळीस नंबर माझी आहे.’

‘हं,’ मी म्हटलं.

त्यांनी हळूहळू सगळं सांगितलं. पाडव्याला अभिनंदननं त्यांना विचारलं होतं, आणि त्यांनी नाही म्हटलं होतं. एवढी वर्षं बिनलग्नाची काढल्यावर चव्वेचाळिसाव्या वर्षी हे काय, असं त्यांचं म्हणणं. तो ऐकेना, पुन्हा पुन्हा विचारायचा. बोलायला गेलं की त्यांचं धैर्य गळायचं. शेवटचं प्रूफ तो वाचतो हे त्यांनाही माहीत होतं. म्हणून भाचीकडून टाइप करवून कथा लिहिली, स्वतःच पट्टी चिकटवली, स्वतःच नंबर घातला. छापलेला नकार तरी तो खरा मानेल म्हणून. आणि तुम्हीच म्हणता ना मॅडम, साहेब असल्याशिवाय वाचक वाचत नाहीत, म्हणून त्या बाईला अधिकारी केलं, असंही त्या म्हणाल्या. माझ्या सिद्धान्ताचा उपयोग झालेली ती एकमेव व्यक्ती.

‘शेवट तुम्ही बदललात,’ त्या म्हणाल्या.

‘हो. मीच.’ माझी मान वर होईना. ‘चिठ्ठी द्यायला हवी होती. चुकलं माझं. अजून वेळ आहे, छापखान्यात फोन करून तुमचं पान परत लावता येईल. त्यालाही सांगते मी.’

खरं सांगते, हे म्हणताना मला ते पान परत लागावं असं वाटत होतं. त्यांनी नाही म्हणावं, तो पुण्याला जावा आणि हे सगळं कुणालाही न कळता मिटावं. इतकी मी लहान झाले होते.

प्रमिलाबाईंनी बोटांवरचा वाळलेला डिंक खरवडला. मग म्हणाल्या, ‘त्याला आत्ताच सांगितलं मी, की हा शेवट माझा नाही, मॅडमचा आहे. तर तो म्हणाला, मग मॅडमचं ऐका.’ आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ‘मला हाच लिहायचा होता, मॅडम. तीनदा लिहिला आणि तीनदा फाडला. मला वाटायचं, ह्या ऑफिसात माझ्याकडे कुणाचं लक्ष नाही. पट्टीखाली नाव होतं, तरी तुम्ही ओळखलंत. कसं ओळखलंत?’

उत्तर द्यायला मला एक क्षण होता. त्या क्षणात सगळं खरं सांगता आलं असतं. मोतिया साडी, बशीतला चहा, दोन वर्षांची सूट. ते सांगितलं असतं तर हलकं वाटलं असतं. पण मग तो शेवट त्यांचा राहिला नसता, एका बावळट बाईच्या चुकीचा झाला असता, आणि त्यांनी तो चौथ्यांदा फाडला असता.

‘संपादक आहे मी,’ मी म्हटलं. ‘कळतं आम्हाला.’

महिन्याभराच्या नोटिशीनंतर विवाह नोंदणी कार्यालयात त्यांचं लग्न झालं. दिवाळी अंक तेव्हा बाजारात आला होता आणि त्या कथेला पत्रं सुरू झाली होती. साक्षीदार तीन लागायचे, अण्णा, अभिनंदनचा एक मित्र आणि मी. अभिनंदनची आई आली नव्हती. तिथल्या कारकुनानं माझ्यापुढं रजिस्टर सरकवलं आणि दोघांकडे आणि मग माझ्याकडे बघून विचारलं, ‘बाई, तुम्ही मुलाकडच्या का?’

अभिनंदनच म्हणाला, ‘होय. आईच्या जागी आहेत.’

मी सही केली. पुढच्या रकान्यात वय लिहायचं होतं, ते खरं लिहिलं. मग दोघं समोर आले आणि वाकले, आधी तो आणि मग प्रमिलाबाई, माझ्याहून दोनच वर्षांनी लहान असलेल्या. मी मागं सरायला गेले तर मागं भिंत होती. मग मी त्या दोघांच्या डोक्यांवर हात ठेवले आणि म्हटलं, ‘सुखानं राहा, बाळांनो.’